वाचकांचे प्रश्न: अजब बंगल्यातले प्राणी, वरोऱ्याची हाडं आणि पायाला बांधलेली चिठ्ठी

मागच्या अंकात अजब बंगल्याबद्दल, म्हणजे आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाबद्दल, चारच ओळी छापल्या होत्या, पण त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत. नावं छापत नाहीये, फक्त कुठून आलेत तेवढं लिहिलंय.

प्रश्न (मानेवाडा, एक आई): ताई, मुलगा दुसरीत आहे, त्याला सुट्टीत अजब बंगल्यात नेलं होतं. त्याने विचारलं, "आई हे प्राणी खरे आहेत का खोटे? आणि खरे असतील तर यांना काहून मारलं?" मला काही सुचलंच नाही. आत खरंच भुसा भरतात का हो?

मुलाने अगदी मुद्द्याचंच विचारलंय. अर्धं खरं अर्धं खोटं, असं उत्तर द्या, कारण तेच बरोबर आहे. कातडी खरी, केस खरे, नखं आणि शिंगंही बहुतेक खरीच. डोळे काचेचे. जीभ, ओठ, नाकाचा ओलसरपणा हे सगळं घडवून रंगवलेलं असतं. आत मांस नसतं आणि मोठ्या प्राण्यात बहुतेक हाडंपण नसतात. पक्ष्यांचं जरा वेगळं असतं, त्यांची चोच, कवटी, पायाची आणि पंखाची हाडं तशीच ठेवतात नाहीतर आकारच राहत नाही.

भुशाचं म्हणाल तर फार जुन्या काळी गवत, पेंढा, कापूस जे मिळेल ते कोंबायचे आणि म्हणून जुने प्राणी कुठे फुगलेले कुठे दबलेले दिसतात. नंतर पद्धत बदलली. आधी प्राण्याच्या मापाचा साचा करायचा, त्यावर कागदाच्या लगद्याचं शरीर उभं करायचं आणि वरून कमावलेली कातडी चढवून शिवायची. मैसूरला व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन नावाचा कारखाना होता, १९०० पासून १९९९ पर्यंत चालला, आणि तिथून वाघ-बिबटे मिळून ४३ हजारांच्या वर ट्रॉफ्या (शिकारीची आठवण म्हणून भरून ठेवलेले प्राणी) बाहेर पडल्या असं सांगतात. हा आकडा वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. आज आपण एकेक वाघ मोजतो, त्याला नंबर देतो, नाव देतो, आणि एकाच कारखान्यातून एवढे गेले.

म्हणून "काहून मारलं" याचं उत्तर टाळू नका. अजब बंगला सुरू झाला १८६३ मध्ये, रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते तेव्हा. त्या काळात शिकार म्हणजे मोठेपणा होता, साहेब लोक करायचे, राजे करायचे, आणि म्युझियमसाठी नमुना पाहिजे म्हणूनसुद्धा प्राणी मारायचे. हे खरं आहे आणि मुलांना ते सांगितलं तर मुलं समजून घेतात. पुढचंही सांगा, की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून हे बंद झालं. आता म्युझियममध्ये नवीन प्राणी आला तर तो बहुतेक प्राणिसंग्रहालयात म्हातारपणाने नाहीतर आजाराने गेलेला असतो. मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये २००९ पासून असं टॅक्सीडर्मी (मेलेले प्राणी भरून जतन करायचं) केंद्र आहे, मुंबई व्हेटर्नरी कॉलेजचे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं, स्वतः शरीररचनेचे प्राध्यापक असल्यामुळे कोणता स्नायू कुठे उठून दिसतो हे त्यांना माहीत आणि त्यामुळे त्यांचे प्राणी बघितले की जुन्या ट्रॉफीतला फरक लगेच कळतो. जंगलात मेलेला वाघ मात्र पोस्टमॉर्टेम करून सगळ्यांसमोर जाळून टाकतात, मिशीचा केससुद्धा मागे राहू देत नाहीत, कारण चोरटा व्यापार.

पुढच्या वेळी मुलाला प्राण्यांना हात लावू देऊ नका (कारण खालच्या उत्तरात आहे) आणि खालची पाटी त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

प्रश्न (महाल): आमच्या वाड्यात आजोबांच्या काळचं बिबट्याचं कातडं आणि सांबराची शिंगं भिंतीवर आहेत. वाडा पाडून फ्लॅट होतोय. भाऊ म्हणतो विकून टाकू, मला वाटतं म्युझियमला द्यावं. काय करायचं?

विकायचं नाही. हे पहिलं आणि ठाम. बिबट्याचं कातडं विकणं गुन्हा आहे, मग ते आजोबांचं असो की पणजोबांचं, आणि ओएलएक्सवर नाहीतर ग्रुपवर फोटो टाकून "कुणाला पाहिजे का" विचारणंसुद्धा महागात पडेल. भावाला आजच सांगा.

आता कागद शोधा. जुन्या पेट्या, मृत्युपत्र, बँकेचा लॉकर सगळं बघा, त्यात वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र आहे का? १९७२ च्या कायद्यानंतर असल्या वस्तू जाहीर करून प्रमाणपत्र घ्यायचं होतं, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांना २००३ मध्ये आणखी एकदा १८० दिवसांची संधी दिली होती. प्रमाणपत्र असेल तर वस्तू वारसाने पुढे जाऊ शकते, पण त्याची नोंद करावी लागते. ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्रवाल्यांना ती स्वखुशीने सरकारजमा करता येते, पैसे मिळत नाहीत पण डोक्याचा ताप जातो. प्रमाणपत्र नसेल तर आधी एखाद्या वकिलाशी बोला आणि मग स्वतःहून वनखात्याकडे जा, लपवून नव्या फ्लॅटमध्ये नेऊ नका. मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस आपल्याच गावात आहे, सिव्हिल लाइन्समध्ये वनभवनात, म्हणजे मुंबईलाही जायला नको.

थेट म्युझियमच्या दारात कातडं घेऊन उभं राहिलात तर ते घेऊ शकणार नाहीत, आधी वनखात्याचा कागद लागतो. आणि तुमचा हेतू चांगला आहे म्हणून एक खरं सांगते, म्युझियमला त्या कातड्यापेक्षा त्याची माहिती जास्त हवी असते. बिबट्या कुठल्या जंगलातला, कोणत्या साली, नर की मादी, कुणी मारला. आजोबांच्या डायरीत नाहीतर जुन्या फोटोच्या मागे एखादी ओळ सापडली, "उमरेडजवळ, अमुक साल" एवढी जरी, तरी ती जपून ठेवा आणि वस्तूसोबतच द्या. बिनमाहितीचं कातडं फक्त कातडं असतं.

आणखी एक, हे अगदी मनावर घ्या. जुनं कातडं आणि भरलेले प्राणी किड्यांपासून टिकावे म्हणून त्यांना आर्सेनिक, म्हणजे सोमल लावायचे. बेकूर नावाच्या फ्रेंच माणसाने अठराव्या शतकात आर्सेनिकचा साबण काढला आणि पुढे दीडदोनशे वर्षं जगभर तोच चालला. ते विष उडून जात नाही, आजही तिथेच असतं. उतरवताना हातमोजे, मास्क, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. घरच्या झाडूने झटकू नका. म्युझियममध्ये "हात लावू नका" लिहिलेलं असतं ते वस्तूला जपण्यासाठी आहेच पण तुम्हाला जपण्यासाठी पण आहे.

प्रश्न (धरमपेठ, बी.एस्सी.ची विद्यार्थिनी): म्युझियमच्या मागच्या खोल्यांत एकाच पक्ष्याचे शेकडो नमुने ड्रॉवरमध्ये ठेवलेले असतात असं सरांनी सांगितलं. आता एवढे भारी कॅमेरे आहेत, मग मेलेले पक्षी कशाला सांभाळायचे? मला तर कसंतरीच वाटतं.

तुला कसंतरी वाटतंय ते मला कळतं. तरी एक गोष्ट ऐक, आणि ही आपल्या महाराष्ट्राचीच आहे.

आधी तो ड्रॉवर कसा असतो ते सांगते. तिथले पक्षी काचेच्या कपाटातल्यासारखे फांदीवर बसलेले नसतात. पाठीवर आडवे, ओळीने, पंख मिटलेले, आत कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूस, दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधलेले आणि त्या दोऱ्याला एक छोटी चिठ्ठी. चिठ्ठीवर शाईने गाव, तारीख, नर-मादी आणि गोळा करणाऱ्याचं नाव, कधी कधी पोटात काय सापडलं तेसुद्धा. बास. पण सगळी किंमत त्या चिठ्ठीत असते.

आता रानपिंगळा. लहानसं घुबड, ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडकडच्या भागात मिळवलं आणि पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. (हो, काँग्रेसवाले ॲलन ह्यूम, तेच. पक्ष्यांचे प्रचंड अभ्यासक होते.) पुढे जेम्स डेव्हिडसन हे खानदेशात अधिकारी असताना त्यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर कुणालाच तो दिसला नाही. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून जेमतेम सात नमुने, त्यातला एक मात्र १९१४ सालचा, गुजरातमधल्या मांडवीचा, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहातला. म्हणजे लोकांना वाटायचं की १९१४ पर्यंत तो होता आणि गुजरातेतही होता.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर काम करत होत्या आणि त्यांना तो मांडवीचा नमुना खटकला. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो नीट तपासला, एक्स-रे काढले, शिवण बघितली, भरण्याची पद्धत बघितली, आणि लक्षात आलं की पक्षी आधी एका हाताने भरलेला आहे आणि नंतर उसवून पुन्हा दुसऱ्या हाताने भरलाय. तो डेव्हिडसन यांचाच खानदेशातला पक्षी होता! माइनर्ट्झहागेनने तो ब्रिटिश म्युझियममधून चोरला, उसवला, परत शिवला आणि त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली. पुढे कळलं की त्याने असे कितीतरी पक्षी लांबवले होते.

मला या माणसाचा अजूनही राग येतो. चोरी एक झाली, पण त्या एका खोट्या चिठ्ठीने लोकांना चुकीच्या गावी शोधायला लावलं आणि तोवर खरं जंगल तुटत होतं.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. ती यादी घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आले, आधी पूर्वेकडे शोधलं, काही नाही, मग खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबरला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडावर दिवसाढवळ्या रानपिंगळा बसलेला. ११३ वर्षांनी. नंतर तो आपल्या मेळघाटातही सापडला, आता तिथे जाऊन लोक त्याचे फोटो काढतात. हे सगळं कशाच्या जोरावर झालं तर शंभर वर्षांहून जुन्या चार-सहा मेलेल्या पक्ष्यांच्या आणि त्यांच्या चिठ्ठ्यांच्या.

आणि एकाच पक्ष्याचे एवढे नमुने कशाला, तर तुलना करायला. इंग्लंडमध्ये बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटायला लागली तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहातली अंडी काढून त्यांच्या कवचाचं वजन केलं आणि १९६७ मध्ये दाखवलं की दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे डीडीटी हे कीटकनाशक वापरात आल्यापासून, कवच पातळ झालंय. जुनी अंडी कुणी सांभाळलीच नसती तर आधी कवच केवढं जाड असायचं हे कळायचं कसं? फोटोचं वजन करता येत नाही ग, आणि फोटोतून डीएनए पण निघत नाही. १९८४ मध्ये क्वागा या नामशेष झालेल्या, झेब्र्यासारख्या प्राण्याचा डीएनए म्युझियमच्या कातडीतून काढला, गोळा करणाऱ्यांनी डीएनए हा शब्दही ऐकलेला नव्हता.

तुला पुढे यात काम करायची इच्छा झाली तर मुंबईच्या बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) संग्रह बघायची परवानगी नक्की माग. छोट्या सालिम अलींनी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते १९०८ मध्ये तिथेच गेले होते, आणि तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांनी त्या पोराला असेच ड्रॉवर उघडून दाखवले होते.

प्रश्न (वरोरा, शाळेतले एक शिक्षक): आमच्या तालुक्यात पिसदुऱ्याला डायनासोरचे अवशेष मिळतात हे मुलांना सांगतो, पण दाखवायला काहीच नाही. सगळं लंडन-कलकत्त्याला का गेलं? आणि म्युझियममधले सांगाडे प्लास्टरचे असतात म्हणतात, मग बघायचं तरी काय?

सर, तुमची तक्रार रास्त आहे. पिसदुरा हे नाव जगातल्या डायनासोरवाल्यांना माहीत आहे आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या पोरांना नाही.

बाहेर गेलं त्याचं कारण काळ. नागपूर भागातले जीवाश्म जगासमोर आणणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आले. टाकळी, सीताबर्डी, मांगली, पिसदुरा अशी पायपीट करून त्यांनी दगड गोळा केले तेव्हा इथे ना म्युझियम होतं ना तज्ज्ञ, म्हणून पेट्या लंडनला जायच्या. मांगलीची एका बेडूकवर्गीय प्राण्याची कवटी तशीच गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स असं नामकरण केलं. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले, म्हणजे ज्या साली आपला अजब बंगला झाला त्याच साली.

कलकत्त्याचं कारण वेगळं, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मुख्यालय तिथे. तिथली एक गोष्ट वर्गात नक्की सांगा. भारतातला पहिला डायनासोर जबलपूरचा, १८२८ मध्ये स्लीमनना, हो ठगांवाले स्लीमन, हाडं मिळाली, १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, आणि पुढे ती हाडं हरवली असंच सगळे धरून चालले. नागपूरशी जवळचा संबंध असलेले डॉ. धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं शेपटीचं मूळ हाड कलकत्त्याच्या संग्रहातच शोधून काढलं आणि २०१३ मध्ये ते छापून आलं. काखेत कळसा! याच मोहबेंना १९८० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरीला डायनासोरची अंडी आणि पिल्लू असलेला दगड मिळाला होता, २००१ मध्ये जेफ विल्सन यांनी तोच दगड परत बघितला तर त्यात साप! अंड्यांभोवती वेटोळं घातलेला, सुमारे साडेतीन मीटरचा. २०१० मध्ये त्याचं नाव ठेवलं सनाजेह इंडिकस. दगड तोच, कपाटात सांभाळला होता म्हणून दुसऱ्या नजरेला दिसला.

पिसदुऱ्याची सगळ्यात मोठी देणगी तर हाड पण नाही, शेण आहे. डायनासोरचं दगड झालेलं शेण, शास्त्रीय भाषेत कोप्रोलाइट, तिथल्या शेतांत मिळतं. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, तेही एक नाही, गवताच्या निदान पाच प्रकारांचे. २००५ मध्ये हे 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं आणि जगभर खळबळ उडाली, कारण तोवर डायनासोरच्या काळात गवत दाखवणं चूक मानायचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तुमच्या वरोऱ्यात गवत होतं आणि ते कुणीतरी प्रचंड मोठा खात होता, हे मुलांना सांगून बघा.

प्लास्टरचं म्हणाल तर त्याला खोटं म्हणू नका, ती खऱ्या हाडाची हुबेहूब प्रत असते. दगड झालेलं हाड भयंकर जड असतं, शिकागोच्या 'सू' नावाच्या टी-रेक्सची खरी कवटी इतकी जड की ती सांगाड्यावर न बसवता वेगळी मांडलीय. लंडनचा 'डिप्पी' नावाचा प्रसिद्ध डायनासोरचा सांगाडा १९०५ पासून प्लास्टरचाच, तरी तीन-चार पिढ्या त्याला बघत मोठ्या झाल्या. भारतात खरी हाडं उभी केलेली बघायची असतील तर कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारापासॉरस टागोरी आहे, आणि त्याची हाडं निघाली ती प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे सिरोंच्याच्या शेजारी. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराला सापडला म्हणून ते नाव.

मुलांना पिसदुऱ्याला नेलंत तर बघा, फोटो घ्या, पण उचलू देऊ नका. एकदा दगड पिशवीत पडला की तो कोणत्या थरातला, कोणत्या बाजूने पडलेला, सगळं गेलं. काही वेगळं दिसलं तर जागेची खूण आणि फोटो काढून सेमिनरी हिल्सच्या जिऑलॉजिकल सर्व्हेला कळवा. वरोऱ्यात छोटं स्थानिक संग्रहालय व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. ग्रामपंचायत, शाळा आणि विद्यापीठाचा जिऑलॉजी विभाग एकत्र आले तर प्रती ठेवूनसुद्धा ते सुरू होऊ शकतं, तुम्ही अर्ज लिहा, आम्ही इथे छापू.

प्रश्न (कामठी): मुलीला घरीच छोटं म्युझियम करायचंय. काय गोळा करता येईल? आणि अजब बंगल्याशिवाय कुठे नेऊ?

नेण्यासाठी रमण विज्ञान केंद्र आहेच, आणि एक दिवस काढता आला तर रेल्वेने भोपाळ, तिथे १९९७ पासून प्रादेशिक निसर्ग संग्रहालय आहे. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग संग्रहालय २०१६ च्या आगीत जळालं, त्यामुळे दिल्लीच्या ट्रिपमध्ये ते धरू नका.

घरी पक्ष्यांची अंडी, घरटी, कातडी, कवट्या काही नाही. अंडी उचलणं कायद्याने शिकारच धरतात. गळालेलं मोरपीस चालेल. सगळ्यात चांगलं म्हणजे पानं, फुलं, बिया. पान जुन्या पेपरच्या घड्यांमध्ये ठेवा, वर जाड पुस्तकं, आणि पावसाळ्यात पेपर रोज बदला नाहीतर बुरशी येते. वाळलं की जाड कागदावर धाग्याने टाका घालून बसवा, सेलोटेप नको, तो वर्षभरात पिवळा पडतो. खाली पेन्सिलने लिहायचं: झाडाचं नाव, माहीत नसेल तर जागा मोकळी, मग गाव, नेमकी जागा, तारीख, आणि मुलीचं स्वतःचं नाव. पेन्सिलच, कारण बॉलपेनची शाई फिकट होते.